पिस्तूल घेण्याआधी हात बघा

मागच्या महिन्यात एका बचत गटाच्या बैठकीनंतर एक ताई पासबुक हातात घेऊन माझ्यापाशी थांबल्या. मुलगी नववीत आहे, चार महिने झाले, जिल्ह्याच्या गावी नेमबाजी शिकायला जाते. आता तिला स्वतःचं पिस्तूल हवंय. ताईंनी हळूच विचारलं, "गटातून कर्ज काढू का? आणि पोलीस तर दारात येणार नाहीत ना?"

आधी पोलिसांचं सांगते, कारण त्या भीतीनं कितीतरी मुली घरी बसतात. मुली शिकतात ते बहुतेक दहा मीटरचं एअर पिस्तूल असतं. त्यात दारू नाही, काडतूस नाही. दाबलेल्या हवेनं शिशाचा बारका छर्रा उडतो. २०१६च्या शस्त्र नियमांप्रमाणे नळी ४.५ मिलिमीटरपर्यंत आणि छर्ऱ्याचा जोर २० ज्यूलपर्यंत असेल, तर परवाना लागत नाही. स्पर्धेच्या एअर पिस्तुलाचा जोर साधारण सहा-सात ज्यूल, म्हणजे मर्यादेच्या बराच आत. तरीही पक्की पावती घ्या, ओळखपत्राची प्रत द्या, आणि नेताना-आणताना पिस्तूल पेटीतच ठेवा. एसटीत, जत्रेत, मैत्रिणींना दाखवायला ते बाहेर काढायचं नाही. लांबून बघणाऱ्याला खरं-खोटं कळत नाही. पोरं त्यानं पाखरं मारतात, तो तर वन्यजीव कायद्याखाली गुन्हाच होतो.

पॉइंट टू टूचं पिस्तूल मात्र वेगळं. कोल्हापूरच्या राही सरनोबतनं २०१८ साली जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण मिळवलं ते पंचवीस मीटरच्या पिस्तुलात. ते खरं अग्निशस्त्र. त्याला परवाना लागतो, आणि परवान्याला वयाची २१ वर्षं पूर्ण लागतात. नववीतल्या मुलीच्या आईनं त्याचा विचार आत्ता करायचाच नाही.

आता पैशाचं. इथं मी स्वतः फसले आहे, म्हणून जरा सविस्तर बोलते. माझ्या लेकीसाठी मी एका दुकानातून स्वस्त पिस्तूल आणलं. नळी वाकवून आतली स्प्रिंग भरायची, तसलं. दुकानदार म्हणाला, शिकायला हेच. पण स्प्रिंग सुटते तेव्हा छर्रा नळीच्या बाहेर पडायच्या आतच सगळं पिस्तूल धक्का खातं. पोरीचा हात स्थिर असूनही नेम विस्कटायचा, आणि ती बिचारी स्वतःलाच दोष द्यायची. तीन महिन्यांनी प्रशिक्षकांनी ते हातात घेतलं, एकदा झाडलं आणि परत पेटीत ठेवलं. ते पैसे गेले ते गेलेच.

का एवढं बारीक बघायचं? तर दहा मीटरवरच्या निशाणावर दहा गुणांचं वर्तुळ असतं साडेअकरा मिलिमीटरचं. सदऱ्याचं बटण एवढंच असतं. तेही एका हातानं, टेकू न घेता, ७५ मिनिटांत ६० छर्रे.

म्हणून पहिलं वर्ष क्लबचं पिस्तूल वापरा. बहुतेक ठिकाणी फीमध्ये किंवा थोड्या जास्त पैशांत ते मिळतं. तोवर हात तयार करा. उत्तर प्रदेशातल्या जोहरी गावच्या चंद्रो तोमर आजी साठी उलटल्यावर नातीबरोबर रेंजवर गेल्या आणि स्वतःच नेमबाज झाल्या. त्या घरी पाण्यानं भरलेला जग हात लांब करून धरून ठेवायच्या. आपल्याकडे तांब्या आहेच की!

घ्यायची वेळ आली, की परदेशी नवं स्पर्धेचं पिस्तूल लाखाच्या पुढे जातं. मी म्हणेन, चांगल्या बनावटीचं जुनं घ्या. मोठी झालेली, खेळ सोडलेली मुलं ते विकतात. प्रशिक्षकांना सोबत घेतल्याशिवाय मात्र व्यवहार करू नका. बघायचं काय, तर सगळ्यात आधी मूठ. लाकडी मुठीचे लहान, मध्यम, मोठे असे माप असतात, डाव्या-उजव्या हाताचं वेगळं. आपल्या मुलींचे हात लहान, आणि जुनी पिस्तुलं बहुधा दांडग्या मुलग्यांची. मूठ थोडी जाड असेल तर कानशीनं घासता येते, पण बोटं चापापर्यंत नीट पोचत नसतील तर ते पिस्तूल फुकट मिळालं तरी नको.

मग हवेची नळकांडी. तिच्यावर तारीख कोरलेली असते. बनवल्यापासून दहा वर्षं उलटली, की स्पर्धेत ती चालत नाही. नवी नळकांडी महाग पडते, ती किंमत आधीच वजा करून बोला. रात्री हवा भरून ठेवा आणि सकाळी काटा बघा. काटा उतरला असेल तर गळती आहे. चापाचं वजन ५०० ग्रॅमच्या खाली नको. स्पर्धेआधी अर्ध्या किलोचं वजन टांगून ते तपासतातच.

हवा भरायची कुठं, हे खेड्यात विसरून चालत नाही. या नळकांडीत दोनशे बार दाब लागतो. आपल्या स्कूटीच्या चाकात असतो साधारण दोन. पंक्चरच्या दुकानात ते काम होत नाही. त्यासाठी वेगळा उभा हातपंप मिळतो, तो हिशेबात धरा. छर्ऱ्यांचे डबे धरा. छर्रा शिशाचा आहे, म्हणून सराव झाला की जेवायच्या आधी साबणानं हात धुवायचे, आणि धाकटी भावंडं डब्याला हात लावणार नाहीत असं ठेवायचं.

आणि दुरुस्ती. टोकियोला मनू भाकरच्या पिस्तुलात ऐन फेरीत बिघाड झाला, वेळ गेला, अंतिम फेरी हुकली. तीच मुलगी २०२४ला पॅरिसहून दोन कांस्यपदकं घेऊन आली. तिच्यामागे दुरुस्तीला माणसं होती, आपल्यामागे कोण? ज्या बनावटीचे सुटे भाग आणि कारागीर पुण्या-मुंबईत मिळतात, तीच घ्या, मग रंग कुठला का असेना.

त्या ताईंनी अजून कर्ज काढलेलं नाही. गटानं ठरवलंय, महिन्याला थोडे थोडे वेगळे ठेवायचे आणि पुढच्या दिवाळीनंतर जुनं बघायला प्रशिक्षकांबरोबर जायचं. मुलगी रोज संध्याकाळी ओट्यावर उभी राहून भिंतीवरच्या टिंबाकडे तांब्या धरते. आजी शेजारी बसून आकडे मोजते, आणि परवा म्हणे आजीनंच तांब्या हातात घेतला.