चिपिंग कॅम्पडन : एका इंग्रजी बाजारगांवाची कथा

इंग्लंड म्हणजे लंडन, मँचेस्टर आणि बर्मिंगहॅम. म्हणजेच गिरण्या, गोद्या आणि पेढ्या, अशी दूरच्या माणसाची सहज समजूत होते. परंतु या महानगरांच्या भरभराटीपूर्वीं जें इंग्लंड होतें, त्याचा व्यवहार शेंकडों लहान लहान बाजारगांवांतून चालत असे. भोंवतालच्या दहापांच खेड्यांतील लोकांनीं आठवड्यांतून एक दिवस तेथें जमावें, लोणी, अंडीं, धान्य व जनावरें विकावीं, मीठ, लोखंड व कापड घ्यावें, जुने तंटे तोडावे, नव्या सोयरिकींची बोलणीं करावीं आणि दिवस कलतांच आपापल्या वाटेनें घरीं परतावें, असा तो क्रम. ग्लॉस्टरशायर परगण्यांत, कॉट्सवोल्ड नांवाच्या डोंगराळ मुलुखाच्या उत्तर टोंकाशीं वसलेला चिपिंग कॅम्पडन हा असाच एक कसबा. त्याची वस्ती आजही दोन हजारांच्या आसपासच आहे. ‘चिपिंग’ हा जुन्या इंग्रजी भाषेंतील बाजारवाचक शब्द. म्हणजे गांवाचा धंदा त्याच्या नांवांतच सांगितलेला आहे. तो धंदा एकदां नव्हे, अनेकदां बुडाला. तरीही गांव उरलें. तें कशाच्या बळावर उरलें, हाच त्याच्या इतिहासांतील खरा विचार करण्याजोगा भाग आहे.

हें गांव आपोआप वाढलेलें नव्हे; तें आंखून वसविलेलें आहे. बाराव्या शतकाच्या उत्तरार्धांत, राजा दुसरा हेन्री याच्या कारकीर्दींत, येथील जहागीरदारानें बाजार भरविण्याची राजाज्ञा मिळविली. एक लांब व किंचित् वळत जाणारा रस्ता आंखण्यांत आला आणि त्याच्या दोहों बाजूंस तोंडाला अरुंद, पण मागें दूरवर गेलेले जमिनीचे पट्टे पाडण्यांत आले. पुढें दुकान, त्यामागें घर आणि घरामागें परसूं, अशी ती रचना. तोंड अरुंद ठेवल्यामुळें अधिकांत अधिक लोकांना बाजाराची बाजू मिळे. रस्ता मध्यें रुंद ठेवला होता, कारण बाजार तेथेंच भरावयाचा होता. आठ शतकें लोटलीं, तरी रस्त्याचें तें वळण आणि त्या पट्ट्यांच्या सीमा बव्हंशीं कायम आहेत.

या बाजाराला वैभव आणलें तें मेंढीनें. कॉट्सवोल्डच्या टेंकड्यांवर चरणाऱ्या मेंढ्यांच्या लोंकरीला फ्लँडर्स व इटली येथील विणकरांकडून मोठी मागणी असे. कॅम्पडनचा विल्यम ग्रेव्हेल हा या व्यापारांत एवढा मोठा झाला कीं, १४०१ सालीं तो मरण पावल्यावर सेंट जेम्सच्या देवळांतील त्याच्या थडग्यावरील पितळी पत्र्यावर साऱ्या इंग्लंडांतील लोंकरीच्या व्यापाऱ्यांचें भूषण असें त्याचें वर्णन कोरण्यांत आलें. १३८० च्या सुमारास बांधलेलें त्याचें दगडी घर हमरस्त्यावर अद्याप उभें आहे. देवळाचा मनोरा सुमारें १२० फूट उंच आहे. एवढ्याशा गांवाला एवढें भव्य देऊळ कसें परवडलें, असा प्रश्न पाहणाराला पडतो; त्याचें उत्तर लोंकर हेंच. परंतु पुढें कच्च्या लोंकरीच्या निर्यातीवर जबर कर बसले, इंग्लंडांतच कापड विणण्याचा धंदा वाढला, आणि निव्वळ लोंकरीवर जगणाऱ्या या पेठेचें तेज मावळूं लागलें.

सतराव्या शतकाच्या आरंभीं या गांवाला नवा धनी मिळाला. त्याचें नांव बॅप्टिस्ट हिक्स. हा लंडनमधील रेशमी व भारी कापडाचा व्यापारी. राजा पहिला जेम्स यालाही कर्ज देणारा सावकार. त्यानें कॅम्पडनची जहागीर विकत घेतली आणि देवळाशेजारीं स्वतःसाठीं एक विशाल प्रासाद उठविला. त्याबरोबरच १६१२ सालीं त्यानें निराधार वृद्धांकरितां बारा घरांची एक दगडी ओळ बांधली. सहा घरें पुरुषांना व सहा स्त्रियांना. १६२७ सालीं त्यानें हमरस्त्याच्या मधोमध बाजारमंडप उभारला. त्याला भिंती नाहींत. चारी बाजूंनीं कमानी, वर दगडी छप्पर व खालीं फरसबंदी. लोणी, चीज व कोंबडीं विकावयास आलेल्या बायाबापड्यांना ऊनपावसापासून आसरा मिळावा, एवढाच त्याचा हेतु.

पुढें राजा व पार्लमेंट यांच्यांत यादवी युद्ध पेटलें. १६४५ सालीं राजपक्षाच्या सैन्यानें कॅम्पडन सोडतांना हा प्रासाद शत्रूच्या हातीं पडूं नये म्हणून पेटवून दिला. बांधल्यापासून पुरतीं चाळीस वर्षेंही तो टिकला नाहीं. आज त्याचा दरवाजा, दोन लहान मंडप व कांहीं अवशेष तेवढे दिसतात. वृद्धांचीं तीं बारा घरें मात्र चारशें वर्षांनंतरही नांदतीं आहेत आणि बाजारमंडपाची झिजलेली फरशी अजून पायांखालीं आहे. श्रीमंतानें स्वतःकरितां बांधलें तें गेलें. गांवाकरितां बांधलें तें राहिलें. इतिहास सहसा इतक्या स्पष्ट शब्दांत बोलत नाहीं.

मात्र लहान गांव म्हणजे केवळ माया व शेजारधर्म असें मानणें भाबडेपणाचें होईल. जेथें सर्व सर्वांना ओळखतात, तेथें संशयालाही पाय लवकर फुटतात. १६६० च्या ऑगस्ट महिन्यांत हिक्सच्या कन्येचा वृद्ध कारभारी विल्यम हॅरिसन हा शेजारच्या खेड्यांत खंडवसुलीसाठीं म्हणून पायीं गेला, तो परतलाच नाहीं. वाटेवर त्याची फाटलेली टोपी व रक्ताळलेला गळपट्टा सांपडला. त्याला शोधावयास गेलेला नोकर जॉन पेरी याच्यावर संशय आला. आणि त्यानें आपल्या सख्ख्या आईचें व भावाचें नांव घेतलें. प्रेत मिळालें नव्हतें. तरी १६६१ सालीं त्या तिघांना फांशी देण्यांत आलें. पुढच्याच वर्षीं, म्हणजे १६६२ सालीं, हॅरिसन जिवंत परत आला. आपणांस पळवून नेऊन तुर्की मुलुखांत गुलाम म्हणून विकलें होतें, अशी अद्भुत हकीकत त्यानें सांगितली. तिचा उलगडा आजवर झालेला नाहीं. तीन निरपराध जीव मात्र गेले ते गेलेच. गांवाची एकी ही मोठी शक्ति खरी. परंतु तिला विवेकाची जोड नसेल, तर ती किती निर्दय होऊं शकते, याची ही कायमची साक्ष आहे.

याच गांवाच्या आनंदाचीही एक कथा आहे. १६१२ च्या सुमारास रॉबर्ट डोव्हर नांवाच्या वकिलानें गांवावरील टेंकडीवर खेळांचा मोठा मेळावा भरविण्यास आरंभ केला आणि प्राचीन ग्रीसची आठवण ठेवून त्याला ‘ऑलिंपिक’ हें नांव दिलें. आधुनिक ऑलिंपिक सामने १८९६ सालीं अथेन्स येथें सुरू झाले, हें ध्यानांत घेतलें म्हणजे या नांवाचें नवल वाटतें. कुस्ती, घोड्यांच्या शर्यती, हातोडा फेंकणें, काठीचे हात, नृत्य असे नाना प्रकार तेथें होत. आणि एकमेकांच्या नडग्यांवर लाथा मारून प्रतिस्पर्ध्याला पाडण्याचा एक दांडगा खेळही असे. सरदार आणि शेतमजूर एकाच माळावर जमत. खेळ व उत्सव यांना पाप मानणाऱ्या कर्मठ प्युरिटन पंथीयांना हें रुचलें नाहीं, आणि यादवी युद्धांत मेळावा बंद पडला. पुढें राजसत्ता परत आल्यावर तो पुनः सुरू झाला. परंतु एकोणिसाव्या शतकांत गर्दी व दंगेधोपे वाढले, गांवचा मोकळा माळ कायद्यानें वांटला जाऊन त्याला कुंपणें पडलीं, आणि १८५२ नंतर खेळ थांबले. जागा सर्वांची राहिली नाहीं, तेव्हां सर्वांचा सणही राहिला नाहीं.

इकडे अठराव्या शतकांत गांवांत रेशमाचा धागा पिळण्याची गिरणी निघाली होती. तीही कालांतरानें बंद पडली. ती रिकामी इमारत १९०२ सालीं पुनः गजबजली. लंडनच्या गरीब वस्तींत १८८८ सालीं चार्ल्स रॉबर्ट ॲशबी या वास्तुशिल्पज्ञानें कारागिरांचा एक संघ काढला होता. यंत्रानें माणसाच्या हातांतील कौशल्य व मनांतील समाधान दोन्ही हिरावून घेतलीं, तीं त्याला परत मिळवून द्यावयाचीं, हें त्या संघाचें ध्येय. लंडन सोडून खेड्यांत जावें कीं नाहीं, याचा निर्णय कारागिरांनीं स्वतः मतें देऊन केला. आणि सोनार, लोहार, सुतार, बांधणीकार, त्यांच्या बायका व मुलें मिळून सुमारें दीडशें माणसें कॅम्पडनला येऊन राहिलीं. एवढ्याशा गांवाला ही भरती मोठीच होती. घरांची टंचाई झाली, जुन्या रहिवाशांना हे शहरी पाहुणे उपरे वाटले, कुरबुरी झाल्या. पण हळूहळू नाटकें, वाद्यवृंद व पोहण्याचा तलाव यांनीं अंतर कमी केलें. १९०४ सालीं निघालेल्या कलाशाळेंत शेतकऱ्यांचीं व मजुरांचीं मुलें शिकूं लागलीं.

त्या काळीं आनंद कुमारस्वामी हे कॅम्पडनजवळच्या एका जुन्या प्रार्थनामंदिरांत राहत. ॲशबीनेंच त्याचें घर करून दिलें होतें. सिंहलद्वीपाच्या मध्ययुगीन कलेवरील त्यांचा विख्यात ग्रंथ तेथेंच हातछापखान्यावर छापला जाऊन १९०८ सालीं पुरा झाला. पौर्वात्य कारागिराच्या बाजूनें उठलेला एक समर्थ आवाज अशा रीतीनें एका इंग्रजी खेडवळ कसब्यांतून उमटला.

संघ मात्र टिकला नाहीं. त्याच्या घडणीची नक्कल यंत्रावर स्वस्तांत होऊं लागली, आणि गिऱ्हाईक तर दूर लंडनला. तेथें काम कमी झालें तर कारागीर दुसरीकडे चार दिवस काढूं शके. कॅम्पडनमध्यें दुसरें काम कोठून मिळणार? १९०८ च्या सुमारास व्यवहार गुंडाळावा लागला. पण सारेच परत गेले नाहींत. रुपेरी काम करणारा जॉर्ज हार्ट तेथेंच राहिला. त्याच्या घराण्याची कार्यशाळा त्याच जुन्या रेशीमगिरणींत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे.

या कलावंत वस्तीमुळें गांवाला आणखी एक गोष्ट लाभली. ती म्हणजे आपल्या ठेव्याची जाणीव. चित्रकार ग्रिग्ज यानें डोव्हरची टेंकडी विक्रीस निघाली असतां ती वांचविण्यासाठीं धडपड केली, आणि १९२८ सालीं ती राष्ट्रीय न्यासाच्या ताब्यांत जाऊन सर्वांसाठीं खुली राहिली. १९२९ सालीं जुनीं घरें सांभाळण्याकरितां गांवाचा स्वतःचा न्यास स्थापन झाला. १९४० नंतरच्या दशकांत तर हिक्सचा बाजारमंडपच अमेरिकेंतील गिऱ्हाइकाला विकला जाण्याच्या बेतांत होता. ही कुणकुण लागतांच गांवकऱ्यांनीं वर्गणी गोळा केली, मंडप विकत घेतला आणि राष्ट्रीय न्यासाच्या स्वाधीन केला. तीनशें वर्षांपूर्वीं एका सावकारानें गांवाला जें दिलें, तें या वेळीं गांवानें स्वतःच्या खिशांतून पुनः मिळविलें. १९५१ सालीं टेंकडीवर खेळ पुनः झाले. १९६० नंतरच्या दशकापासून ते बहुधा दरवर्षीं होतात. नडग्यांवर लाथा मारणारे गडी आतां विजारींत गवत कोंबून उतरतात, आणि रात्रीं मशालींची मिरवणूक टेंकडीवरून गांवांत येते.

आज कॅम्पडनवर निराळें संकट आहे. आगगाडीचें स्थानक १९६६ सालीं बंद झालें, तरी मोटारींनीं येणाऱ्या प्रवाशांची रीघ लागलेली असते. मधाच्या रंगाच्या दगडांचीं तीं घरें सर्वांना हवींशीं वाटतात. त्यामुळें त्यांच्या किंमती चढतात आणि गांवांत जन्मलेल्या तरुणाला गांवांतच घर करणें अवघड होतें. दारिद्र्यानें गांव ओसाड पडतें, हें जगाला ठाऊक आहे. सौंदर्याच्या मोलानेंही तें आंतून रिकामें होऊं शकतें, हें नवें आहे. दगड सांभाळणें कॅम्पडनला साधलें. त्या दगडांमागें चूल पेटवणारीं माणसें सांभाळणें हें त्याहून कठीण काम पुढें आहे. त्या कामाचा धडा गांवाला बाहेरून आणावयास नको. हमरस्त्याच्या मधोमध उभ्या असलेल्या त्या भिंती नसलेल्या मंडपांत, आणि देवळाच्या वाटेवरील त्या बारा दारांत, तो चारशें वर्षें लिहिलेलाच आहे.