पिंगळ्याचा एक हंगाम
(मंडळाच्या सभेत केलेले भाषण)



मार्शलिंग यार्डात ज्याची उभी हयात गेली, त्याने पक्ष्यांवर बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. परंतु घुबडांची ओळख मला रात्रपाळीनेच करून दिली. रुळांशेजारी सांडलेल्या धान्यावर उंदीर येत आणि उंदरांमागे घुबडे.

निवृत्तीनंतरच्या पहिल्याच वर्षी, चरोद्यातील आमच्या घरामागच्या जुन्या आंब्याच्या ढोलीत पिंगळ्याची जोडी राहावयास आली. त्याच सुमारास शेजारचे काका अंथरुणाला खिळले. त्यांच्या सूनबाई भीतभीत म्हणाल्या, "भाऊजी, हे अभद्र दाराशी नको. ढोली बुजवून टाका." त्यांची भीती मी हसण्यावारी कशी नेणार? घुबड ओरडले की माझी आईही देवापुढे दिवा लावीत असे. मी दोन महिन्यांची मुदत मागून घेतली आणि एक वही घातली.

नियम साधे होते. वीस पावले दूर बसावे, विजेरीचा झोत टाकू नये, झाडावर चढू नये. मार्चच्या आरंभी मादी दिसेनाशी झाली. नर तिन्हीसांजेला भक्ष्य आणून देऊ लागला. पिंगळ्याची अंडी साधारण महिनाभर उबवावी लागतात. सर्व अंडी होईपर्यंत मादी थांबत नाही. म्हणून पिल्ले एकामागून एक बाहेर येतात आणि एकाच ढोलीत थोरले-धाकटे असा भेद राहतो. अन्न अपुरे पडले, तर धाकट्यावर गदा येते. झाडाखाली पडलेले, घुबडांनी ओकून टाकलेले गोळे मी भिजवून उलगडले. त्यांत भुंग्यांची कवचे आणि उंदरांची हाडे निघाली.

एप्रिलअखेर ढोलीच्या तोंडाशी तीन पिल्ले दिसली. काका रोज खिडकीतून विचारीत, "आज किती?" चौथ्या दिवशी धाकटे दिसले नाही, पुढेही दिसले नाही. "दोन" म्हणताना माझा कंठ दाटला. काका म्हणाले, "दोन तर दोन. ती तरी उडू देत." मेच्या पहिल्या आठवड्यात ती दोन्ही उडाली.

काका भर पावसाळ्यात गेले. तेरावे झाल्यावर सूनबाई स्वतःच म्हणाल्या, "ढोली राहू द्या, भाऊजी. मामंजींनी मोजली होती ती पिल्ले."

मित्रहो, या पिंगळ्याचा एक दुर्मिळ भाऊबंद आहे, रानपिंगळा. १८७२ साली त्याचा पहिला नमुना मिळाला तो आजच्या छत्तीसगडातील फुलझर भागात. १८८४ नंतर त्याचा विश्वसनीय पुरावाच मिळेना, आणि तो नामशेष झाला असे मानले जाऊ लागले. नोव्हेंबर १९९७ मध्ये अमेरिकन पक्षितज्ज्ञांना तो पुन्हा दिसला, तो आपल्या खानदेशात, शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी! आपल्या जन्मभूमीला आणि कर्मभूमीला जोडणारा असा हा पक्षी आहे.

१९७२ च्या कायद्याने घुबडांना संरक्षण दिले आहे. तरीही लक्ष्मीच्या या वाहनाचा बळी अंधश्रद्धेपोटी दिवाळीच्याच दिवसांत दिला जातो. घुबडाला अभद्र म्हणणारी आपलीच मराठी, पहाटे दारी येऊन शुभ वर्तविणाऱ्यालाही पिंगळाच म्हणते. तेव्हा आपल्या अंगणातील जुनी झाडे तोडण्यापूर्वी त्यांच्या ढोलीत कुणी राहते काय, एवढे अवश्य पाहावे, ही विनंती करून मी आपली रजा घेतो.