खडू, बादली आणि बाप्पा
(१९९६ च्या दहावीच्या बॅचच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला सांगितलं, "तू सॉफ्टवेअरमध्ये आहेस, तर एआयवर बोल." मी म्हटलं, त्यावर सगळेच बोलतात. मी बादलीवर बोलते. तुम्ही हसलात, पण मी खरंच बादलीवर बोलणार आहे.

नववीत असताना अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी सर आपल्याला सकाळी दादर चौपाटीवर घेऊन गेले होते, आठवतंय? ओहोटी होती. वाळूत हात, सोंडा, मुकुटाचे तुकडे पडले होते. आदल्या रात्री ज्यांना आपण "पुढच्या वर्षी लवकर या" म्हणालो, ते असे. कुणीच काही बोलत नव्हतं. सरांनी एक तुकडा उचलला आणि विचारलं, "हे रात्रभर पाण्यात होतं. मग विरघळलं का नाही?" आपण चाळीस जण खाली मान घालून उभे होतो. सर रागावले नाहीत. "उत्तर सापडलं की सांगा," एवढंच म्हणाले. सर, तीस वर्षं लागली. आज सांगते.

आधी वस्तू काय आहे ते बघू. जिप्सम नावाचा दगड साधारण दीडशे अंशांवर तापवला की त्यातलं तीन चतुर्थांश पाणी उडून जातं आणि उरते ती पांढरी पूड म्हणजे प्लास्टर ऑफ पॅरिस. त्यात पाणी घातलं की ते परत जिप्सम होतं, गरम होतं आणि काही मिनिटांत घट्ट बसतं. आपल्या वर्गात जिचे वडील मूर्तिकार होते, ती माझी बाकावरची मैत्रीण आज लालबागला तोच कारखाना चालवते. ती मला लहानपणी साच्यावर हात ठेवायला लावायची. "बघ, बाप्पाला ताप आलाय." तो ताप मला अजून आठवतो.

आता हे जिप्सम पाण्यात किती विरघळतं? एका लिटरमध्ये जेमतेम दोन-अडीच ग्रॅम. म्हणजे घरची अडीच किलोची छोटी मूर्ती पूर्ण विरघळवायची तर सुमारे १००० लिटर पाणी हवं. सोसायटीच्या गच्चीवरची एक अख्खी काळी टाकी! २० लिटरच्या बादलीत त्यातले फक्त ५० ग्रॅम जाणार. तुम्ही आठवडाभर ठेवा नाहीतर महिनाभर, पाण्याचं पोट भरलं की ते आणखी घेत नाही.

मग समुद्रात तर पाणीच पाणी, तिथे काय अडतं? तिथे अडतो तो वेग. १८९७ मध्ये नॉइज आणि व्हिटनी या दोन अमेरिकन रसायनशास्त्रज्ञांनी घन पदार्थाच्या कांड्या पाण्यात फिरवून मोजमाप केलं आणि एक साधं समीकरण मांडलं. विरघळण्याचा वेग दोन गोष्टींवर ठरतो: पाण्याला पदार्थाचा किती पृष्ठभाग लागतो, आणि पाण्याच्या पोटात अजून किती जागा आहे. मूर्ती जाड, वरून तैलरंगाचा थर, आतला भाग पाण्याला लागतच नाही. ती झिजायच्या आत भरती तिला परत वाळूवर आणून टाकते. सर, हे तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर.

उरलेलं अर्धं पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांनी दिलं. त्यांनी बादलीत अमोनियम बायकार्बोनेट घालायला सांगितलं. बिस्किटं खुसखुशीत करायला बेकरीत वापरतात तेच. त्यामुळे विरघळलेलं कॅल्शियम लगेच कॅल्शियम कार्बोनेट होऊन तळाशी बसतं, पाण्याचं पोट रिकामं राहतं आणि मूर्ती विरघळत राहते. पाण्यात राहतं ते अमोनियम सल्फेट, म्हणजे खत. हिशेब दहावीचाच आहे: १७२ ग्रॅम जिप्समला १५८ ग्रॅम बायकार्बोनेट. म्हणजे ढोबळमानाने मूर्तीच्या वजनाइतकीच पावडर. एक किलो मूर्तीतून सुमारे ७७० ग्रॅम अमोनियम सल्फेट आणि ५८० ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट मिळतं. पुणे महापालिका गणेशोत्सवात ही पावडर नागरिकांना देते.

हे वाचलं आणि माझ्यातली इंजिनीअर जागी झाली. मी लॅपटॉपवर गणिती मॉडेल बांधलं. मूर्तीचा आकार, भिंतीची जाडी, पाणी, पावडर, सगळं घातलं. उत्तर आलं ३६ तास. सुंदर आलेख निघाला. तो घेऊन मी लालबागला गेले आणि मैत्रिणीला मोठ्या ऐटीत म्हणाले, "बघ, तुझा प्रश्न सुटला."

तिने आलेखाकडे बघितलंही नाही. म्हणाली, "तू कॉम्प्युटरवर विरघळवलीस. माझ्या बादलीत विरघळवून दाखव."

तिचा राग माझ्यावर नव्हता. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने मे २०२० मध्ये सुधारित मार्गदर्शक सूचना काढल्या आणि प्लास्टरच्या मूर्तींना मनाई केली. तेव्हापासून दर वर्षी तिच्या डोक्यावर टांगती तलवार. २०२५ मध्ये उच्च न्यायालयात हा विषय गाजला आणि ६ फुटांपर्यंतच्या मूर्ती कृत्रिम तलावातच विसर्जित करायचं ठरलं. जो येतो तो तिला सांगतो, शाडू वापर. शाडू ती वापरतेच. पण शाडूची मूर्ती जड, पावसाळ्यात वाळायला दिवसच्या दिवस लागतात, वाळेपर्यंत ठेवायला जागा लागते, आणि लालबाग-परळमध्ये जागेचं भाडं काय आहे ते तुम्हाला मी सांगायला नको. तिच्याकडे काम करणाऱ्या १२ माणसांचं वर्षभराचं पोट त्या चार महिन्यांवर आहे.

म्हणून त्या वर्षी आमच्या घरचा गणपती, अडीच किलोचा, मी बादलीत विसर्जित करायचं ठरवलं. गिरगावला सासरी पिढ्यान् पिढ्या चौपाटीवर जायची पद्धत. सासूबाई गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "करायचं तर नीट कर. अर्धवट ठेवू नकोस." आरती झाली, बादलीला हळदकुंकू लावलं, बाप्पा पाण्यात गेले.

३६ तासांनी झाकण काढलं. मूर्ती जवळपास तशीच! सोंड थोडी बोथट झाली होती, एवढंच. सासूबाई दारात उभ्या. त्या एक शब्द बोलल्या नाहीत, आणि तेच जास्त लागलं. अमोनियाचा वास घरभर, आणि देव अर्धवट. आयुष्यात प्रोग्रॅम पुष्कळ बिघडले, पण असा जीव कधी खाली-वर झाला नव्हता.

मी मूर्तीला हात लावला. वर पांढरा, रवाळ थर आला होता. तेव्हा लक्षात आलं. तयार होणारं कॅल्शियम कार्बोनेट सगळंच तळाशी बसत नव्हतं, काही मूर्तीवरच बसत होतं. आता पावडरला आत पोचायला त्या थरातून वाट काढावी लागत होती. माझ्या मॉडेलमध्ये हा थरच नव्हता. पुण्याच्या सूचनांमध्ये मात्र "दर दोन-तीन तासांनी ढवळा" असं साध्या शब्दांत लिहिलेलं होतं. मी ती किरकोळ सूचना समजून सोडून दिली होती.

मग काठी घेतली, देवाची क्षमा मागितली, थर खरवडला आणि ढवळत राहिले. आणखी दीड दिवसात मूर्ती पूर्ण विरली. चाळणीत राहिला तो रंगाचा पापुद्रा आणि मुठीएवढा काथ्या. सासूबाईंनी शेवटचं ढवळलं आणि हात जोडले.

नंतर मी मॉडेलमध्ये तो थर घातला. न ढवळता वाढणाऱ्या अशा थराचं गणित वर्गमुळाचं असतं: थर दुप्पट जाड व्हायला चौपट वेळ. गंमत म्हणजे आपल्या जुन्या इमारतींच्या काँक्रीटमध्ये हवेतला कार्बन डायऑक्साइड आत शिरतो, त्याची खोलीही साधारण याच वर्गमुळाने वाढते. तो सळईपर्यंत पोचला की सळई गंजायला लागते. बादलीत चुकले म्हणून मला माझ्याच बिल्डिंगच्या खांबाचं दुखणं कळलं.

या पद्धतीने सगळं सुटत नाही. दीड टनाच्या सार्वजनिक मूर्तीला जवळपास दीड टन पावडर लागेल आणि तेवढं ढवळणार कोण? रंगाचा प्रश्न वेगळाच आहे. रंगाचं पाणी मी तुळशीला घातलेलं नाही. पण घरच्या लहान मूर्तींना हा मार्ग आहे, आणि तो मैत्रिणीने स्वतःच्या बादलीत स्वतः करून बघितला. गेल्या वर्षीपासून ती प्रत्येक लहान मूर्तीच्या पाटाखाली पेन्सिलने वजन लिहून देते. गिऱ्हाईक विचारतं, "हे कशाला?" ती सांगते, "एवढीच पावडर घाला. आणि ढवळा हां."

शाळेला माझी एक विनंती आहे. आपल्याकडचा फळ्यावरचा खडू बहुतेक प्लास्टरचाच असतो. ५ ग्रॅमचा तुकडा घ्या, पेलाभर पाण्यात टाका. २०० मिली पाणी त्यातला अर्धा ग्रॅमच घेईल. मुलांना आधी गणित करू द्या, मग पेला बघू द्या, आणि दोन्ही जुळलं नाही तर रागावू नका. आम्हाला सर रागावले नव्हते.

सर, उत्तर द्यायला उशीर झाला. पण तुम्ही मुदत दिली नव्हती.