बॅकअप घेतला, पण परत आणून पाहिला का?

  मी सैन्यात सिग्नल्सचा माणूस. वेबसाइट कशी बांधायची हे तुम्हीच मला शिकवाल, त्या वाटेला मी जात नाही. बांधलेली वेबसाइट रात्री कोसळली की आत काय काय उघडं पडतं, त्यावर बोलतो.

३१ जानेवारी २०१७ ची घटना आहे. गिटलॅब तुम्हाला ठाऊक आहे, लोक तिथे आपला कोड ठेवतात. त्या दिवशी स्पॅममुळे त्यांच्या डेटाबेसवर ताण आला आणि नक्कल ठेवणारा दुसरा सर्व्हर मागे पडला. नक्कल नव्याने सुरू करायची, म्हणून एका इंजिनिअरने त्या दुसऱ्या सर्व्हरवरची डेटाची डिरेक्टरी पुसायला घेतली. रात्र झालेली, माणूस थकलेला. कमांड दिली आणि एक-दोन सेकंदांत त्याच्या लक्षात आलं, की आपण दुसऱ्या नव्हे, मुख्य सर्व्हरवर आहोत. त्याने ती थांबवली. तोवर सुमारे ३०० जीबीपैकी साडेचार जीबी शिल्लक होते.

ही झाली बोटाची चूक. ती कुणाच्याही हातून होते. मला खरी गोष्ट त्यानंतरची वाटते.

बॅकअप होते की! रोज घेतले जात होते, म्हणजे तसं सगळे समजत होते. बॅकअप घेणारा पीजीडंप ९.२ आवृत्तीचा चालत होता आणि डेटाबेस ९.६ चा. दोघांचं जमेना, त्यामुळे ते काम रोज बंद पडायचं. बंद पडल्याची ईमेल सुटायची, पण तिच्यावर डीमार्कला लागते ती सही नव्हती, म्हणून ती दारातूनच परत पाठवली जायची. अ‍ॅमेझॉनवर जिथे बॅकअप साठायचे तिथे पाहिलं, तर जागा रिकामी. अझुरचे डिस्क स्नॅपशॉट डेटाबेसच्या सर्व्हरसाठी चालूच केलेले नव्हते. तारलं ते एका स्नॅपशॉटने. तोसुद्धा चाचणीच्या कामासाठी म्हणून एका इंजिनिअरने सुमारे सहा तास आधी हाताने घेतलेला. लोकांचा कोड वेगळा ठेवलेला असल्यामुळे वाचला. पण त्या सहा तासांत नोंदलेले सुमारे ५,००० प्रकल्प, तितक्याच प्रतिक्रिया आणि ७०० च्या आसपास नवी खाती गेली ती गेलीच.

आमच्याकडे टेलिफोनची तार टाकणाऱ्या तुकडीचा एक रिवाज आहे. केबलचा एक ड्रम संपला, जोड दिला, की तिथूनच मागे एक्स्चेंजला फोन लावायचा. पलीकडून आवाज आला तरच पुढचा ड्रम उघडायचा. पाच किलोमीटर तार टाकून झाली असं कुणी सांगितलं तर त्याला शाबासकी मिळत नाही. आवाज आला का, एवढंच विचारतात. बॅकअपचंही तसंच. तो दुसऱ्या मशीनवर उभा करून, त्यावर साइट चालवून पाहिली नसेल, तर तुम्ही नुसती तार टाकलेली आहे.

गिटलॅबने नंतर जे लिहून काढलं ते तरुण इंजिनिअरांनी मुद्दाम वाचावं. डेटाबेस परत आणण्याचं काम चालू असतानाच त्यांनी ते यूट्यूबवर थेट दाखवलं होतं. अहवालात कमांड देणाऱ्याचं नाव नाही. त्याऐवजी ते विचारत जातात: बॅकअप का नव्हता? का कळलं नाही? कुणी तपासत का नव्हतं? आणि तळाशी हाती लागतं ते असं, की बॅकअप तपासण्याची जबाबदारी कुणा एकाच्या नावावर नव्हतीच. पलटणीत साधं भांडार एकाकडून दुसऱ्याकडे जाताना मोजून, सही करून घेतात, त्याला आम्ही हँडिंग-टेकिंग म्हणतो. तुमच्याकडे माणूस दर दीड वर्षाने कंपनी बदलतो; त्याच्याकडच्या रात्री चालणाऱ्या जॉबची सही कोण घेतो? आणखी एक बारीक उपाय त्यांनी लिहिला होता: टर्मिनलवरचा प्रॉम्प्टच असा करायचा, की आपण कुठल्या सर्व्हरवर उभे आहोत हे डोळ्यांना लगेच दिसेल. फुकटात होणारं काम आहे, उद्या करून टाका.

आता आपल्याकडचं सांगतो. माझ्या एका जुन्या सहकाऱ्याची मुलगी एका कंपनीत आहे. कंपनीचं नाव सोडून देऊ. तिने चालू डेटाबेसवर अट न घालता अपडेट चालवलं आणि सगळ्या ऑर्डरी एका झटक्यात 'रद्द' झाल्या. तिने दोन मिनिटांत टीमला सांगितलं. लॉगवरून दोन तासांत सगळं जागेवरही आलं. पण मॅनेजरची पहिली मेल काय आली? 'हे कुणी केलं?' खाली सहा जणांना प्रत. पोरगी मला म्हणाली, "काका, सांगितलं नसतं तर बरं झालं असतं." त्यानंतरचे त्या टीमचे तिन्ही घोटाळे आधी क्लायंटला कळले आणि मग टीमला. टीममध्ये ते कुणाला दिसले नसतील असं मला वाटत नाही. माझ्या मते त्या एका मेलने जेवढं नुकसान केलं तेवढं त्या अपडेटने केलं नव्हतं.

मी तिला एवढंच सांगितलं, की तू लिहून काढ. कुणी मागितलं नसलं तरी. किती वाजता काय दिसलं, तेव्हा तुला काय माहीत होतं, काय माहीत नव्हतं, तू काय केलंस. वेळेच्या क्रमाने. 'मी मूर्ख आहे' हे वाक्य नको, 'टूल खराब आहे' हेही नको. कारवाईनंतर आम्ही सँड मॉडेलभोवती उभं राहून हेच करायचो, आणि तिथे आधी कनिष्ठ बोलायचा. साहेब आधी बोलले की बाकीच्यांना तेच आठवायला लागतं.

तिने दोन पानं लिहिली. लिहिताना तिला प्रश्न पडला, की लॉग नसते तर? म्हणून एका शनिवारी तिने आदल्या रात्रीचा बॅकअप जादा मशीनवर उभा करायला घेतला आणि घड्याळ लावलं. सात तास लागले. क्लायंटला करारात दोन तास लिहून दिले होते. सोमवारी तिने तो आकडा त्या दोन पानांखाली लिहिला आणि मेल त्याच सहा जणांना पाठवली.