घरचे टपालघर



कामगार संघटनेच्या माणसाने या व्यासपीठावर यावे आणि बोनसचे सोडून ई-मेलविषयी बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. पण संघटना चालते ती कागदावर. भाषणे वाऱ्यावर जातात. मागणीपत्र, त्याची पोच आणि मालकाचे उत्तर एवढेच कामगार न्यायालयात उभे राहते. आणि हा पत्रव्यवहार आता बव्हंशी ई-मेलनेच होतो.

मग प्रश्न असा, की तो राहतो कुणाकडे? आमची सारी पत्रे एका चिटणिसाच्या खाजगी खात्यावर येत. ते गृहस्थ नोकरीसाठी परमुलखात गेले, फोनचा नंबर बदलला, आणि खाते उघडेना. चार वर्षांचे दप्तर कुलपात, आणि किल्ली कुणाच्याच हाती नाही! तेव्हा आम्ही ठरवले, की टपाल आपल्याच छपराखाली ठेवायचे.

आमचे कार्यालय म्हणजे एका सभासदाचे घर. तिथल्या जुन्या संगणकावर लिनक्स घातले आणि त्यावर डव्हकॉट नावाचा फुकट मिळणारा कार्यक्रम. टिमो सिरायनेन या फिनलंडच्या गृहस्थाने तो 2002 साली लोकांपुढे ठेवला. नावाचा अर्थ कबुतरखाना; पत्रांच्या घराला हे नाव शोभतेच. तो आयमॅप या पद्धतीने चालतो. पत्र संगणकावरच राहते, आणि खजिनदाराने ते वाचले की चिटणिसालाही कळते. घरातल्या वायफायवर पाच जण एकच दप्तर पाहतात.

बाहेरचे टपाल थेट घरी घेणे मात्र जमले नाही. घरगुती जोडणीचा पत्ता बहुधा कायमचा नसतो. कधी तर एकच पत्ता अनेक घरांत वाटलेला असतो. पत्रांची देवघेव ज्या 25 क्रमांकाच्या दाराने होते, ते दार पुष्कळ पुरवठादार घरांसाठी बंद ठेवतात. घरून गेलेले पत्र मोठ्या कंपन्या संशयाने बाजूला टाकतात. आमची तरुण मंडळी म्हणाली, हा मक्तेदारांचा डाव आहे. आम्ही म्हणतो, निम्मे खरे. घरोघरचे बिघडलेले संगणक लाखोंनी उपद्रवी पत्रे पाठवू लागले म्हणून दारे लागली. पण फायदा झाला तो मोठ्यांचाच.

तेव्हा मधला मार्ग काढला. संघटनेच्या नावाने, व्यक्तीच्या नव्हे, डोमेन घेतले आणि बाहेर एक पेटी भाड्याने घेतली. घरचा संगणक दर पाच मिनिटांनी त्या पेटीतले टपाल उचलून आणतो. जाणारी पत्रे त्याच पुरवठादारामार्फत जातात. वीज गेली तरी पत्रे पेटीत थांबतात. उद्या त्याने भाडे भलतेच वाढवले, तर पेटी बदलू. पत्ता तोच राहील.

खरा वाद झाला तो पुढे. सारे सामाईक, तर एखाद्या भगिनीने छळाची तक्रार पाठवली तर तीही पाच जणांनी वाचायची काय? दोन बैठका त्यात गेल्या. तशा तक्रारींसाठी निराळा पत्ता केला. त्याचा कप्पा दोन भगिनीच उघडतात. तरीही यंत्र सांभाळणारा विशीतला पोरगा मनात आणील तर काहीही वाचू शकतो. अध्यक्षापेक्षा त्याच्या हाती अधिक सत्ता! म्हणून मुख्य परवलीचा शब्द आता दोन तुकड्यांत आहे. एक तुकडा त्याच्यापाशी, दुसरा त्या भगिनींपैकी एकीपाशी.

1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाचे कलम 63 असे, की संगणकातली नोंद पुराव्यात मांडताना संगणक ज्याच्या ताब्यात त्याचे आणि तज्ज्ञाचेही प्रमाणपत्र जोडावे लागते. परगावी गेलेल्या माणसाच्या खात्यासाठी ते कुठून आणावे? आता आमचा चिटणीस सही करू शकतो. आणि दर रविवारी साऱ्या पत्रांची एक प्रत दुसऱ्या सभासदाच्या घरी, माडीवर जाते. गाढी नदी फुगली की तळमजल्यांचे काय होते, ते आपणां पनवेलकरांना सांगायला नको.