कपड्यातले प्लास्टिक आणि डॉक्टरचा शब्द



 मूल होत नाही म्हणून आपल्या नांदेड-लातूरच्या डॉक्टरांकडे येणारी जोडपी आता विचारू लागली आहेत, ‘डॉक्टर, कपड्यातल्या प्लास्टिकने असं होतं का?’ आजचे भाषण या एका प्रश्नावरच आहे.

आपला मुलूख कापसाचा. नांदेडच्या कापूस संशोधन केंद्राने एनएचएच-४४ हे गाजलेले संकरित वाण दिले. उदगीरला विणलेल्या खादीचा राष्ट्रध्वज नांदेडला तयार होतो. ३० डिसेंबर २०२१ रोजी ध्वजसंहितेत दुरुस्ती झाली आणि पॉलिएस्टरच्या ध्वजालाही परवानगी मिळाली. घरात तर पॉलिएस्टर केव्हाच शिरले होते. शाळेचा गणवेश, रोजची साडी, ट्रॅकपँट, अंतर्वस्त्रे, सगळीकडे तेच.

हे कापड प्लास्टिकचेच, आणि धुताना त्याचे सूक्ष्म तंतू सुटतात, याबद्दल शंका नाही. २०२१ साली इटलीत तपासलेल्या सहापैकी चार वारांमध्ये (प्लॅसेंटांमध्ये) प्लास्टिकचे कण सापडले. २०२२ मध्ये नेदरलँड्समध्ये २२ पैकी १७ जणांच्या रक्तात प्लास्टिक आढळले. २०२४ मध्ये अमेरिकेतील न्यू मेक्सिको विद्यापीठाने २३ पुरुषांचे वृषण तपासले, त्या सर्वांत प्लास्टिक होते. त्याच अभ्यासात कुत्र्यांच्या वृषणांत पीव्हीसी या प्लास्टिकचे प्रमाण जास्त तिथे शुक्राणू कमी, असेही दिसले. या निष्कर्षांनी काळजी वाटलीच पाहिजे. मात्र हे कण कपड्यातूनच आले आणि त्यांच्यामुळेच मूल झाले नाही, असे यातले एकही संशोधन सिद्ध करत नाही. प्लास्टिक पाण्यातून, अन्नातून आणि हवेतूनही शरीरात जाते.

कपड्यांमुळे होणाऱ्या उष्णतेबद्दल मात्र आपण ठामपणे बोलू शकतो. वृषणांना शरीरापेक्षा दोन-चार अंश कमी तापमान लागते. २०१८ साली हार्वर्डच्या संशोधकांनी ६५६ पुरुषांची पाहणी केली. सैल अंतर्वस्त्रे घालणाऱ्यांच्या वीर्यात शुक्राणूंची घनता सुमारे २५ टक्के जास्त होती. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात घट्ट पॉलिएस्टरऐवजी सैल सुती कपडे वापरा, हा सल्ला बिनधास्त द्यावा. त्यात खर्च थोडा आणि अपाय काहीच नाही.

खरी चिंता वेगळी आहे. कपड्यावर खापर फोडले की तपासणी लांबते. आजही सुनेची सोनोग्राफी होते, गर्भनळ्यांची तपासणी होते, नवस होतात, आणि नवरा वीर्यतपासणीला तयार नसतो. मूल न होण्याच्या जवळपास निम्म्या प्रकरणांत पुरुषाकडचे कारण असते. व्हेरिकोसील (वृषणाच्या शिरा फुगणे) आहे का, तंबाखूचे व्यसन आहे का, भट्टीपुढचे किंवा तासन्‌तास ड्रायव्हिंगचे काम आहे का, कीटकनाशकांच्या फवारणीशी संबंध येतो का, हे विचारायलाच हवे. प्लास्टिकच्या नावाखाली यातला एकही प्रश्न विचारायचा राहता कामा नये.

माझी आपल्याला तीन आवाहने आहेत. पहिल्याच भेटीत नवरा-बायको दोघांची तपासणी सुरू करा. ‘शरीरातले प्लास्टिक काढून देतो’ म्हणत महागडी औषधे विकणाऱ्यांना आपल्या दवाखान्यात जागा देऊ नका. आणि नांदेडचे डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व लातूरची विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था यांनी आपल्या भागातील पुरुषांच्या प्रजननक्षमतेचा अभ्यास हाती घ्यावा, यासाठी आपण सर्वांनी आग्रह धरावा.

पुरावा असेल तेवढेच सांगा, पण ते स्पष्ट मराठीत सांगा. मूल नाही म्हणून एकाही बाईला विनाकारण दोष लागणार नाही, ही जबाबदारी आपण घेऊया.