पिंपळीचें योगवाहित्व

सुंठ, मिरीं आणि पिंपळी हीं तीन तिखट द्रव्यें समभाग कुटून वस्त्रगाळ केलीं म्हणजे त्रिकटु होतें. आयुर्वेदांतील पुष्कळ पाठांत, आणि तेही परस्परांशीं फारसा संबंध नसलेल्या विकारांवरील पाठांत, हें चूर्ण आढळतें. जुन्या वैद्यांस ही एक संवयच जडली होती कीं काय, अशी शंका कोणासही यावी. चरकसंहितेच्या विमानस्थानांत तिचें उत्तर एका शब्दांत आहे. तेथें पिंपळीस योगवाही म्हटलें आहे. म्हणजे ज्या द्रव्याशीं योग होईल त्याचे गुण वाहून नेणारी. त्याच अध्यायांत, पिंपळी, क्षार आणि लवण यांचा अतिरेक करूं नये, असेंही बजावलें आहे. यांतील पहिलें विधान सर्वांच्या मुखीं असतें; दुसऱ्याचा विसर पडतो.

पिंपळी व मिरीं यांतील तिखट सत्त्व तें पायपरीन. १८१९ सालीं डॅनिश शास्त्रज्ञ अर्स्टेड यानें तें वेगळें काढलें. विद्युत्प्रवाहानें होकायंत्राची सुई ढळते हें पुढील वर्षीं दाखविणारा अर्स्टेड तो हाच. बाहेरून आलेलें द्रव्य परकें मानून आंतड्याची भिंत व यकृत त्यास दुसरा अणुसमूह जोडतात आणि शरीराबाहेर घालवितात. हळदींतील कर्क्युमिन या पिवळ्या द्रव्याची बहुतेक वाट अशीच लागते. पायपरीन नेमका या जोडणीच्या कामांत अडथळा आणतें. बंगळूरच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयांतील संशोधकांनीं १९९८ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत निरोगी माणसांस २ ग्रॅम कर्क्युमिन दिलें, तेव्हां रक्तांत त्याचा मागमूस जेमतेम लागला. सोबत २० मिलिग्रॅम पायपरीन देतांच शोषण सुमारें वीस पटींनीं वाढलें. ही साधी बेरीज नव्हे. अर्थात् रक्तांत द्रव्य वाढलें म्हणजे रोग हटला, असें मात्र कोणीं समजूं नये.

जम्मूच्या प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेंत डॉ. अटल व त्यांचे सहकारी यांनीं १९७९ च्या सुमारास या गुणाचा पाठपुरावा चालविला होता. त्यांतूनच पुढें क्षयावरील असें एक औषध निघालें कीं, ज्यांत १० मिलिग्रॅम पायपरीनच्या साहाय्यानें रिफाम्पिसिनची मात्रा ४५० वरून २०० मिलिग्रॅमवर आणतां आली. जंतु मारतें तें रिफाम्पिसिन. पायपरीन त्यास पोंचवितें.

परंतु वाहकास आपपरभाव ठाऊक नसतो. १९९१ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत निरोगी माणसांस सात दिवस रोज २० मिलिग्रॅम पायपरीन दिल्यावर रक्तदाबावरील प्रोप्रॅनोलॉल आणि दम्यावरील थिओफिलिन या दोन्ही औषधांचें रक्तांतील प्रमाण चढलें. थिओफिलिनची गुणकारी मात्रा व विषारी मात्रा यांत अंतर थोडें. प्रमाण फार चढल्यास ओकाऱ्या, छातींत धडधड आणि प्रसंगीं झटकेही येतात. आतां घरोघर खोकल्यावर चाटविलें जाणारें सितोपलादि चूर्ण पाहावें. त्यांत सुमारें आठवा भाग पिंपळी असते. चूर्णांतून पोटांत जाणारें पायपरीन प्रयोगांतल्यापेक्षां कमी असेलही. पण तें महिनोन्‌महिने जात असतें. दम्याचा रोगी सकाळीं डॉक्टरांची गोळी घेतो, दुपारीं वैद्यांचें चूर्ण मधांतून चाटतो, आणि एकाचें दुसऱ्यास सांगत नाहीं. त्या प्रयोगांत थिओफिलिन शरीरांतून निघून जाण्यासही अधिक वेळ लागला होता. म्हणजे पहिली गोळी पुरती ओसरण्यापूर्वींच दुसरी पोटांत जावयाची.